मिस्त्रीनं मारलेली चुंबकं

"मिस्त्री, चहा घेणार का?" असं विचारलं की तो म्हणायचा, "एकशे बारा."

जळलेल्या मोटारीत तांब्याची नवी तार भरताना वेढे मोजावे लागतात. एक वेढा चुकला तर मोटार तापते आणि दोन चुकले तर जळते, असं त्याचं म्हणणं होतं. म्हणून तो मोजत असताना कोणी काही विचारलं, की हा पुढचा आकडा जरा मोठ्यानं म्हणायचा. मतदारयादीवाली बाई एकदा वय विचारायला आली होती. तिलाही त्यानं तसंच उत्तर दिलं. बाईनं ते लिहून घेतलं नाही, एवढीच तिची हुशारी. मग पाव तासानं तो माझ्या दारात येऊन विचारायचा, "आक्का, मगाशी काय म्हणलात?" तोवर चहा गार झालेला असायचा. मी तोच द्यायची. पुन्हा गरम करण्याइतका तो काही पाहुणा नव्हता.

त्याचं दुकान आणि माझा कारखाना यांच्यात एकच भिंत. कारखाना म्हणजे पत्र्याची शेड, विटांची भट्टी आणि भाकरी थापणाऱ्या सहा बायका. आम्ही कडक भाकरी करतो. पातळ थापायची, भाजायची आणि भट्टीच्या कडेला उभी करून पापडासारखी वाळवायची. महिनाभर टिकते. सोलापूरच्या माणसाला हे सांगायला नको, पण तुम्ही बाहेरचे असाल तर सांगितलेलं बरं.

मिस्त्री माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान होता. घरी तेलुगू बोलायचा, गल्लीत मराठी. बाप हातमागावर होता. हा यंत्रमागाच्या मोटारी भरायला लागला आणि चाळीस वर्षं तेच करत राहिला. पंखे, पाण्याच्या मोटारी, पिठाच्या गिरण्या, सगळं त्याच्याकडे यायचं. गल्लीत त्याला नावानं हाक मारलेली मी ऐकली नाही. त्याच्या बायकोनंही नाही. ती होती तेव्हा तीसुद्धा मिस्त्रीच म्हणायची.

तार भरून झाली की मोटारीला व्हार्निश पाजायचं आणि ते उष्णतेत वाळवायचं, अशी त्या कामाची रीत आहे. पूर्वी तो बल्ब लावून वाळवायचा. एका पावसाळ्यात बल्ब पुरेनात, तेव्हा तो म्हणाला, आक्का, तुमची भट्टी दिवसभर पेटलेली असती, तिच्या मागच्या अंगाला एक कोनाडा करू द्या की. मी करू दिला. पहिल्याच आठवड्यात एका हॉटेलवाल्यानं तक्रार केली, की भाकरीला फर्निचरचा वास येतो. मग मिस्त्रीनं कोनाड्याला लोखंडी झाकण बसवलं आणि वर नळी काढली. पाण्याचा थेंब टाकला की चर्र व्हावा इतका तो कोनाडा तापायचा. सकाळी मोटार आत, संध्याकाळी बाहेर. अशी पंचवीस वर्षं गेली. माझ्या भट्टीत भाकऱ्या किती वाळल्या त्यापेक्षा मोटारी किती वाळल्या हे लोकांना जास्त माहीत होतं.

त्याला चुंबक आवडायचं नाही. हे ऐकून तुम्ही हसाल, मोटारवाल्याला चुंबक कसं आवडत नाही. पण त्यानं जन्मभर भरल्या त्या मोटारींत चुंबक नसतं. तांबं, लोखंड आणि वीज. तो म्हणायचा, "वीज आली की काम करतंय, गेली की गप बसतंय. चुंबक कदी गप बसत न्हाय. तसल्या माणसाचं आन् माझं जमत न्हाय."

आता माझी सून रेखा. नवरा गेल्यावर ती वळसंगला माहेरी जाईल असं सगळ्यांना वाटलं. ती गेली नाही. अडतिसाव्या वर्षी तीनचाकी चालवायला शिकली आणि तिच्या नावावर आम्ही विजेवर चालणारी मालाची गाडी घेतली. सकाळी नव्या पेठेतली दुकानं, मग दोन वसतिगृहं, मग हायवेवरची हॉटेलं. गाडी आल्यापासून माल दुप्पट जाऊ लागला. चार बायकांच्या सहा झाल्या.

मागल्या उन्हाळ्यात ती गाडी हायवेवर बंद पडली. आतून घासल्याचा आवाज आला, मग जळका वास, मग काहीच नाही.

शोरूमच्या पोरानं मोटार उघडून दाखवली. आत एक फिरणारा लोखंडी गोळा असतो, त्याला रोटर म्हणतात. त्याच्या अंगावर चुंबकाच्या वड्या चिकटवलेल्या असतात, आपण खोबऱ्याच्या कापतो तेवढ्या. त्यातली एक वडी सुटून तारेत घुसली होती आणि सगळी तार जळली होती. पोरगा म्हणाला, नवीनच मोटार टाकावी लागेल. म्हटलं, टाक. तो म्हणाला, नाही.

का नाही, हे शोरूमच्या मालकानं मला पंखा लावून, खुर्चीत बसवून सांगितलं. या वड्या साध्या लोखंडाच्या नसतात. कसल्या तरी दुर्मीळ मातीतून काढलेल्या धातूंच्या असतात. ती माती धुऊन, गाळून धातू काढायचं आणि त्याचं चुंबक करायचं काम जवळजवळ सगळं चीनमध्ये होतं. चीनचं आणि अमेरिकेचं जकातीवरून भांडण लागलं आणि चीननं चुंबकं अडवून धरली. आता हवी असतील तर लिहून द्यायचं, की ही कशाला वापरणार, शस्त्राला लावणार नाही, अमेरिकेला देणार नाही.

"मग दे लिहून," मी म्हटलं. "भाकरीच्या गाडीला लावणार. अमेरिकेत मला कोण ओळखतं?"

"मावशी, ते कंपनी लिहून देतीय. वर दिल्लीला जातंय, तितनं चीनला. महिने लागतील."

"आपल्याकडं माती नाही का?"

"हाय की. समुद्राच्या वाळूत लई हाय म्हणे. पण तिच्यापासनं हे करायचा कारखाना न्हाय आपल्याकडं."

मी चौथी शिकलेली बाई. मला एवढंच कळलं, की भांडण दोन सावकारांचं आणि खोळंबा माझा. वसतिगृहाच्या रेक्टरनं पंधरा दिवस थांबतो म्हणून सांगितलं. त्यापुढे तो दुसरीकडून माल घेणार होता. भाड्याच्या रिक्षातून माल पाठवून पाहिला. रिक्षावाला रेखासारखे खड्डे चुकवत नव्हता. कडक भाकरी खड्ड्यातून गेली की तिचा चुरा होतो आणि चुऱ्याला गिऱ्हाईक नसतं. पंधरा दिवसांत गाडी निघाली नाही तर मला तीन बायकांना घरी बसा म्हणावं लागणार होतं. कुठल्या तीन, हे त्या एकमेकींकडे बघून ठरवायलाही लागल्या होत्या. थापण्याचा आवाज कमी झाला.

मिस्त्री आपण होऊन आला. म्हणाला, तार मी भरतो. वडी तुटलेली न्हाय, नुसती सुटलीय, ती चिकटवतो. चीनला कशाला विचारायचं?

रेखानं विचारलं, "काका, तुमी असली मोटार कदी केलीय?"

"मोटार ती मोटार," तो म्हणाला. "माझ्या दुकानातनं तशीच परत गेलेली मोटार दाखव."

खरंच तशी नव्हती. ती गोष्ट तो दर आठवड्याला सांगायचा.

त्याला आता दिसायला कमी येत होतं, म्हणून रेखा त्याच्याजवळ बसू लागली. गाडी बंद, तर तिला दुसरं कामही नव्हतं. तिनं वेढे मोजायचे, त्यानं हात चालवायचे. आठ दिवसांत तार भरून झाली. सुटलेली वडी त्यानं रोटरवर चिकटवली. डिंकाच्या डबीवर लिहिलं होतं, दोन दिवस हलवू नये. शेजारी तारेचा भाग व्हार्निश पाजून तयार होता. मिस्त्रीनं दोन्ही उचललं आणि पंचवीस वर्षांच्या रीतीप्रमाणे भट्टीमागच्या कोनाड्यात ठेवलं. उष्णतेत काय वाळत नाही? झाकण मीच लावलं. त्याचे दोन्ही हात भरलेले होते.

संध्याकाळी बाहेर काढलं. डिंक दगडासारखा झाला होता. दुसऱ्या दिवशी मोटार बसवली. गाडी सुरू झाली, तेव्हा बायकांनी नारळ फोडला. रेखा रिकामी गाडी घेऊन गल्लीच्या टोकापर्यंत गेली आणि वळून आली. मग माल भरला. मालासकट गाडी निघाली ती आजारी म्हशीसारखी, आणि रेल्वेच्या पुलाच्या चढावर उभीच राहिली. मागच्यांनी हॉर्न वाजवले. भाकरीची पोती उतरवून, गाडी ढकलून रेखा घरी आली. येताना तिनं वाटभर चीनला शिव्या दिल्या. आल्यावर सहा जणींनी तिला साथ दिली. आमच्या शेडमध्ये चीनच्या सात पिढ्यांचा उद्धार झाला. माझ्या सासूलाही सुचल्या नसत्या अशा शिव्या त्या दिवशी मी ऐकल्या.

मिस्त्री पाना घेऊन आला. मोटार उतरवून दुकानात घेऊन गेला.

दुसऱ्या दिवशी बायका परातीला बसल्या असताना तो शेडमध्ये आला. एका हातात रोटर, एका हातात लोखंडी खिळा. आम्हा सगळ्यांसमोर त्यानं खिळा रोटरला लावला. खिळा चिकटला. मग त्यानं बोटानं टिचकी मारली. खिळा खाली पडला.

"तापवायच्या आदी हाच खिळा मला पकडीनं वढावा लागला हुता," तो म्हणाला. "मगाशी शोरूमच्या पोराला फोन केला. त्यो हसला. म्हणला, काका, भट्टीत ठेवलं? मग मेलं की ते. ह्या चुंबकाला इतकी ऊब सोसत न्हाय."

एकीचा हात पिठात तसाच राहिला.

"चीनला शिव्या देऊ नगा," मिस्त्री म्हणाला. "चीननं नवी दिली न्हाईत, ते खरं. पण हुती ती मी मारली."

हे त्यानं सांगायची काही गरज नव्हती, हे तुमच्या लक्षात आलं असेल. चुंबक चीनचं, मोटार आधीच जळालेली, शोरूमवाला सांगतोय चीनमुळे खोळंबा आहे, टीव्हीवाला सांगतोय चीनमुळे खोळंबा आहे. मोठमोठ्या कारखान्यांनी हात वर केलेले. त्यात या एका माणसाची चूक कोणाला सापडली असती? मला तर नसतीच. मी म्हटलं, भट्टी माझी, झाकण मी लावलं, तर अर्धी चूक माझी.

"न्हाय आक्का," तो म्हणाला. "भट्टीला काय कळतंय."

मला काय कळतं याबद्दल तो काही बोलला नाही. मीही विचारलं नाही. हात धू आणि चहा पी म्हटलं. त्यानं चहा घेतला नाही.

बातमी गल्लीत पसरली आणि लोक चुंबकं घेऊन यायला लागले. लोक वाईट नसतात, फक्त उपयोगी नसतात. कोणी फ्रिजला चिकटवायचे देव आणले. गणपती मंडळाच्या पोरांनी फुटका लाउडस्पीकर आणला, त्यातलं चुंबक तळहाताएवढं होतं. मिस्त्रीनं प्रत्येकाचं हातात घेऊन पाहिलं आणि परत दिलं. "ही काळी चुंबकं शेळ्या हायत," तो म्हणाला. "आपल्याला बैल पायजे."

रेक्टरच्या पंधरापैकी चार दिवस उरले, तेव्हा रेखाला तिच्या गाडीवाल्यांच्या ग्रुपवरून कळलं, की मोडनिंबजवळ याच कंपनीच्या गाडीला ट्रकनं मागून ठोकलंय आणि ती तिथल्या भंगारवाल्यानं घेतलीय. ती आणि मिस्त्री सकाळच्या एसटीनं गेले. पुढचं रेखानं सांगितलेलं आहे, आणि ती पदरचं घालत नाही. तेवढी तिला कल्पनाशक्ती नाही.

ते पोचले तेव्हा भंगारवाला गॅसच्या ज्योतीनं गाडी कापायला बसला होता. चाकं झाली होती आणि तो मोटारीकडे वळत होता. मिस्त्रीनं थांब म्हटलं. तो म्हणाला, काका, बाजूला व्हा, पाच मिनिटांचं काम हाय. मिस्त्री बाजूला झाला नाही. गेला आणि मोटारीवर बसला.

"उटा की," भंगारवाला म्हणाला.

"पाने आण. खोलून काढतो. तवर बसतो."

"अवो, ऊन किती हाय."

"तेच तर," मिस्त्री म्हणाला आणि मोटारीवर आपला टॉवेल पसरून वर नीट मांडी घातली. भंगारवाला शेवटी पाने आणायला शेजारच्या गॅरेजात गेला. रेखा म्हणते, तो येईपर्यंत मिस्त्री त्या मोटारीवर अर्धा तास बसून होता आणि एकदाही हलला नाही. लग्नाच्या मांडवातसुद्धा तो इतका वेळ बसला नसेल.

रोटर काढला. तीन वड्या ढिल्या झाल्या होत्या, बाकी शाबूत. आता मिस्त्रीनं उन्हाची अशी धास्ती घेतली, की रोटर ओल्या गोणपाटात गुंडाळला आणि वाटेत दर थांब्यावर त्यावर पाणी शिंपडलं. शोरूमचा पोरगा पुढे म्हणाला, उन्हानं काही होत नाही, भट्टी वेगळी आणि ऊन वेगळं. पण दुधानं तोंड पोळलेल्या माणसाला हे कोण सांगणार. कंडक्टरनं ओलं पोतं बघून विचारलं, मासळी हाय का? मासळी असंल तर टपावर ठेवा.

सोलापूर आलं. सगळे उतरले. मिस्त्री उतरेना. पोतं सीटच्या लोखंडी पायाला चिकटून बसलं होतं. त्यानं ओढलं, रेखानं ओढलं, कंडक्टर शिव्या देत आला आणि त्यानंही ओढलं. ड्रायव्हर म्हणाला, सीटसकट न्या आणि आगाराला कळवा. शेवटी चौघांनी मिळून सोडवलं. रेखा शरमेनं मेली होती, आणि मिस्त्री स्टँडभर लोकांना सांगत होता, "जिवंत हाय. बगा की, जिवंत हाय."

ढिल्या वड्या पुन्हा चिकटवायच्या होत्या. दुसरी वडी जवळ नेली की वडीची एक बाजू ओढते, एक ढकलते, आणि ती उलटसुलट लावली तर गाडी चालत नाही. रेखानं ओढणाऱ्या बाजूला कुंकू लावलं आणि ढकलणाऱ्या बाजूला हळद. पहिली वडी मिस्त्रीनं बसवली. पुढच्या दोन त्यानं तिला बसवायला लावल्या. म्हणाला, माझा हात कापतोय. मला त्याचा हात कापताना दिसला नाही.

दोन दिवस तो रोटर शेडच्या दूरच्या कोपऱ्यात, माठाखाली होता. त्या दोन दिवसांत मी भट्टीत जास्तीचं लाकूड टाकलं की मिस्त्री भिंतीपलीकडून खोकायचा.

पंधराव्या दिवशी रेखा पूर्ण माल घेऊन निघाली. आम्ही कोणी नारळ आणला नव्हता. अर्ध्या तासानं तिचा फोन आला. तिनं एकच शब्द सांगितला, "चढली." बायकांनी थापायला सुरुवात केली. मिस्त्री दारात उभा होता. मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, बरं, आणि त्या दिवशीचा गार चहा त्यानं उभ्याउभ्या घेतला.

इथं गोष्ट संपवता आली असती. पण मिस्त्रीला ते जमलं नाही. त्यानंतर दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला तो आधी सांगायचा, की आक्कांच्या गाडीची चुंबकं मी भट्टीत मारली. पंखा घेऊन आलेल्यालाही सांगायचा, त्यात चुंबक असो नसो. मी म्हटलं, तोंड आवर. गाडी चालतेय ना? तो म्हणाला, "ती दुसऱ्याच्या चुंबकावर चालतीय." आणि सांगतच राहिला. लोकांचं काय, एवढं खरं बोलणाऱ्याकडे मोटार कशी द्यायची असं म्हणून ते दुसरीकडे जायला लागले. जे खोटं बोलायचे त्यांच्याकडे रांगा लागल्या.

कोनाड्यात मोटारी येणं कमी झालं. दुपारी तो नुसताच बसलेला असायचा आणि रेखा मालाची फेरी संपवून त्याच्याकडे जायची. शोरूमच्या पोराकडून जुन्या, मोडक्या असल्याच मोटारी ती मागून आणायची. दोघं त्या उघडायचे आणि पुन्हा मिटायचे. काय करता विचारलं तर मिस्त्री म्हणायचा, "शिकतोय." अडुसष्टाव्या वर्षी. त्याला कोणी हसलं नाही. हसायला वेळ असणारे लोक आमच्या गल्लीत कमी आहेत.

दिवाळीनंतर त्याला दम लागायला लागला. डॉक्टर म्हणाले, छाती खराब आहे, व्हार्निशचा धूर. तीन दिवस सरकारी दवाखान्यात होता. मी भेटायला गेले तेव्हा तोंडाला नळी होती, त्यामुळे बोलणं झालं नाही. त्याच्या उशाशी बसून मी घरच्या चार गोष्टी सांगितल्या. चौथ्या दिवशी तो गेला. पोरगा पुण्याहून आला. दिवस झाले. दुकानाचं शटर खाली आलं. रडणं मला जमत नाही, आणि तो गेला त्या दिवशी बारा वाजता वसतिगृहाचा माल जायचा होता. गेला.

परवा शोरूमच्या मालकाचा फोन आला. मला वाटलं, आली वाटतं चीनची मोटार. तर नाही. म्हणाला, माल येतो तो थोडाथोडा आणि पुरत नाही. माझ्या अंगणात अकरा गाड्या उभ्या आहेत, गिऱ्हाइकं रोज येऊन बसतात. तुमची गाडी तेव्हा कोणी केली, त्यांचा नंबर द्या.

मी म्हटलं, तो मेला.

मागे कोणीतरी गाडीवाला त्याच्याशी भांडत होता, ते मला ऐकू येत होतं. मग त्यानं विचारलं, "मावशी, त्यांच्या हाताखाली कुणी शिकलंय का?"

"शिकलंय की," मी म्हटलं. "पण ती आता भाकरी द्यायला गेलीय. तीननंतर फोन कर."